हाताळायची जुडी

आये, तुझे गुडघे आता कसे आहेत? जास्त दुखायचा तो उजवा की डावा, हे मला आठवत नाही, पण उठताना तू ज्या हाताने जमिनीला टेका द्यायचीस तो हात डोळ्यांपुढे आहे. आणि खांदा? टोपली डोक्यावर असली तरी दुखतो खांदाच, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता माझाही दुखतो. बाबांचा दमा कसा आहे? तिथे तरी विड्या सुटल्या का, की तिथेही कुणाच्या होडीआड उभे राहून ओढतात आणि वर ‘मी नाय बा’ म्हणतात? मावशीच्या डोळ्यातला पडदा काढला का? तिला सांग, इथे आता ते काम इतकं सोपं झालंय की सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी येऊन मच्छी साफ करायची. उगाच घाबरत राहिली बिचारी. आणि आपल्या शेजारचे कापडवाले शेठ, त्यांची साखर? जिलेबी पुढे आली की ‘बस, एक ज’, एकच, म्हणत पुडा संपवायचे. अजून तसंच असेल तर त्यांच्या हातातून तूच काढून घे. घरच्यांचं नाही, पण तुझं ऐकत होते ते.

इकडचं ऐक. तुझ्या जावयाला उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी रागावले की डाव्यानेही येत नाही. टेम्पो कधीच विकला, पण रस्त्यावर कुणाचा गिअर खरखरला की अजून यांचे दात आंबतात. तुझ्या नातवाची कंबर धरते, पोत्यांनी. नातसुनेला थायरॉईडची गोळी आहे, ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि घ्यायला विसरली की दिवसभर स्वतःवरच चिडते. तुझ्या पणतीचे पुढचे दात पडलेत. हसली की फटीतून जीभ डोकावते. मी तिला म्हणते, दार उघडं ठेवलंस, आता कुणीही आत शिरेल. माझं म्हणशील तर बीपी गोळीवर आहे आणि मी खुर्चीवर. जमिनीवर बसले तर उठवायला माणूस लागतं.

पत्राला कारण आहे. दुकान बदललं.

तू गेलीस तेव्हा कासा गावच्या बाजाररस्त्यावर आपला एकच गाळा होता. आत काळोख, बाहेर फळी. आत मीठ-मिरची, साबण, काडेपेट्या. बाहेर फळीवर तुझं सुकं, बोंबील नि जवळा. पुढे मी शेजारचा गाळाही घेतला, पण दुकानाचा तोंडवळा तोच ठेवला. गिऱ्हाईक रस्त्यावर, मी उंबऱ्यात, माल दोघांच्या मधे. तुझ्या नातवाच्या मनात मात्र बरेच दिवस घोळत होतं. ‘आई, लोकांना आता आपलं आपण फिरून घ्यायला आवडतं. हायवेवरच्या गाड्या थांबतात, चिक्कू घेतात आणि जातात. आपल्याकडे काय काय आहे ते त्यांना दिसतच नाही.’ त्याचं खोटं नव्हतं. तर यंदा मधली भिंत पाडली. पांढरे दिवे आले, लादी आली, काचेचं दार आलं. भिंतभर लोखंडी रॅक उभे राहिले. गिऱ्हाइकाने आत यायचं, टोपलीत हवं ते टाकायचं आणि शेवटी टेबलाशी येऊन पैसे द्यायचे. तेही रोख नाहीत, पाटीसमोर फोन धरायचा, टुणकन आवाज येतो. त्या आवाजाला तुझे जावई अजून दचकतात, म्हणजे ऐकू येत असणार.

हे सगळं लावलं नातसुनेने. ती तलासरीची. लग्नाआधी वापीला एका मोठ्या दुकानात माल लावायच्या कामावर होती. आये, तू तिला काम करताना बघायला हवं होतंस. साडीचा पदर खोचते आणि रॅकसमोर अशी उभी राहते, जशी तू खाडीवरून आलेल्या पाट्यांसमोर राहायचीस. आधी नुसती बघते. मग हात चालायला लागतात. जड खाली, हलकं वर. पोरांचं पोरांच्या डोळ्यांसमोर, म्हाताऱ्यांचं म्हाताऱ्यांना वाकावं लागणार नाही तिथे. लेबलं सगळी पुढे बघणारी, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी. आधी आलेला माल पुढे, नवा मागे. हे शेवटचं बघितलं आणि मी हसले. तूही जुन्या जुड्या पुढे ठेवायचीस. तुला वापीला कुणी शिकवलं होतं?

एकाच गोष्टीवरून आमची तोंडं वाकडी झाली. सुकं. तिने बोंबील, जवळा, सोडे, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत सील केलं आणि अगदी मागच्या रॅकला लावलं. ‘आई, वास येतो हो. बिस्किटांना लागतो. हायवेवरच्या बाया नाकाला पदर लावतात.’ तेही खोटं नव्हतं. पण ज्या वासावर हे दुकान उभं राहिलं त्यालाच मागे घातलं होतं. फळी मात्र भंगारात जाऊ दिली नाही, मोरीपाशी उभी करून ठेवली. आणि त्यात समोर आगोट. तुला काय सांगायचं, पाऊस लागायच्या आधीचे हे बाजार म्हणजेच आपलं वर्ष. पाड्यापाड्यांवरच्या बाया चार महिन्यांचं सुकं, मीठ, मसाला भरून नेतात. आगोटीच्या बाजाराला त्या आल्या नाहीत, तर पांढरे दिवे कुणासाठी लावायचे?

आणि त्या आल्या नाहीत. म्हणजे बाजारात आल्या, दुकानात आल्या नाहीत.

तुझ्या नातवाचा चेहरा उतरला. कर्ज त्याच्या नावावर, जागरण त्याच्या डोळ्यांत. ‘त्यांना कळतच नाही ग,’ तो म्हणाला. ‘आत या, हात लावा, बघा, सगळं सांगून झालं.’ तेव्हा नातसून फट्कन म्हणाली, ‘त्यांना नाही कळत असं नाही. आपल्याला कळत नाहीये.’ आणि माझ्याकडे वळली. ‘आई, तुमच्या आई कसं मांडायच्या?’

आये, मला सांगताच येईना. तुझ्या बाजूला बसून माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि मला सांगता येईना. तोंडाशी आलं ते असं की तू पहाटे चिखल्याहून निघायचीस. वलांडीच्या बांबूंवरून उतरवलेले, उन्हात खडखडीत वाळलेले बोंबील टोपलीत, वर जवळ्याची गोणी. एसटीत कंडक्टर म्हणायचा, ‘मावशी, मागे. एकदम मागे. तिकीट तुमचं, वास सगळ्यांचा.’ आणि तू म्हणायचीस, ‘वासाचं वेगळं तिकीट फाड, देते.’ मागच्या बाकावर आपण दोघी आणि टोपल्या, खिडकीतून रानशेतचं रान मागे पळतंय. हे सगळं आठवलं. पण मांडण? मांडण म्हणजे काय ते सांगता आलं नाही. नातसून हिरमुसली नाही, एवढंच म्हणाली, ‘बरं, आठवलं की सांगा.’

मग मी बसून आठवत राहिले. फळी टेकवायची ती रस्त्याकडे जरा उतरती. तिच्यावर वर्तमानपत्र, आणि त्याची अक्षरं गिऱ्हाइकाच्या बाजूला. मी विचारलं होतं, तुला वाचता येत नाही, गिऱ्हाइकाला येत नाही, मग कुठल्याही बाजूला का नाही? तर म्हणालीस, ‘पाहुण्याच्या पुढ्यात ताट उलटं ठेवतात का?’ त्यामुळे झालं असं की चौथीनंतर शाळा सुटलेली मी उरलेलं वाचन तुझ्या फळीवर शिकले, आणि शिकले ते उलटं. बोंबलाच्या जुड्यांमधून जेवढं दिसेल तेवढं. अजून मला समोरच्याच्या पुढ्यातला उलटा पेपर सरळ वाचता येतो, तुझ्या जावयाला त्याचा फार राग येतो.

आणि ती एक जुडी. सगळ्या जुड्या बांधलेल्या, एक सोडलेली. कडेला टाकलेली, विस्कटलेली. बाया यायच्या, उकिडव्या बसायच्या, त्या जुडीतला बोंबील उचलायच्या, मोडून बघायच्या, हुंगायच्या, तुकडा तोंडात टाकायच्या. ती कधी विकायची नाही. दिवसभर सगळ्या बाजाराचे हात तिच्यावर फिरायचे आणि संध्याकाळी ती आपल्या कालवणात जायची. मी म्हणायचे, घरच्यांना उष्टं? तू म्हणायचीस, ‘हाताळायची जुडी हाय ती. तिला सगळ्या गावाची चव लागलेली असते.’ मला वाटायचं खराब झालेला माल आहे, म्हणून घरी. दानधर्म आणि काटकसर एकाच टोपलीत.

हे आठवलं आणि मागोमाग जे आठवलं ते मी इतकी वर्षं बाजूला सारत आले होते. तो दिवस.

माझं लग्न नुकतं झालंय. तुझा खांदा धरलाय म्हणून बाजाराला मी पुढे आलेय आणि तू दुसऱ्या गाडीने जवळ्याची गोणी घेऊन मागून येणार आहेस. फळी पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात आहे. मी कडा पुसते, कागद अंथरते आणि मांडायला बसते. काय मांडलं होतं मी! बोंबलाच्या जुड्यांचं चक्र, सगळी डोकी आत, शेपट्या बाहेर, देवळाच्या छतावर असतं तसं. मधे जवळ्याचा ढीग, वाटीने थापून गुळगुळीत केलेला, वर टोक. भोवती सोड्यांची गुलाबी कडा. हाताळायची जुडी मी मुद्दामच काढली नाही, घाण दिसते म्हणून. शेठ दुकानातून खाली उतरून आले. ‘वाह बेन! शुं मांडणी छे! फोटो पाडवो जोईए.’ बाया थांबत होत्या. कौतुकाने बघत होत्या. ‘लय झाक मांडलाय गो,’ म्हणत होत्या. आणि पुढच्या मच्छीवालीकडे जात होत्या. मला ते दिसत होतं, पण कळत नव्हतं. मी म्हटलं, सकाळ आहे, अजून बाजार तापायचाय.

तू येतेस. डोक्यावरची गोणी उतरवायच्या आधीच तुझी नजर फळीवर जाते. मी उभी राहते. मला वाटतं, आता बोलशील. तू गोणी ठेवतेस, वाकतेस, आणि चक्रातली एक जुडी खेचून काढतेस. माझं चक्र मोडतं. मग मूठ वळून जवळ्याच्या टोकात खुपसतेस, खळगा पडतो. सोड्यांची कडा हाताने विस्कटतेस. एका जुडीची दोरी दाताने तोडून ती कडेला टाकतेस. आणि सगळ्या बाजारासमोर, शेठसमोर, मला म्हणतेस, ‘देव्हारा मांडलास का बाजार?’

मी जीपगाड्या उभ्या असतात तिथे जाऊन रडले. एका जीपवाल्याला वाटलं मी गाडी चुकले, म्हणाला, ‘बस ताई, डहाणूला सोडतो.’ मी बसले असते तर गेलेच असते. परत आले तेव्हा फळी अर्धी रिकामी झाली होती. मी ते बघितलं, पण मला वाटलं, तू आलीस म्हणून. तुझी गिऱ्हाइकं, तुझा आवाज.

त्यानंतर कितीतरी बाजार मी मुकाट मांडत गेले आणि तू येऊन एकेक काढत गेलीस, खळगा पाडत गेलीस. शेवटी एकदा मी चिडून, तू यायच्या आतच, प्रत्येक ढिगातलं एकेक आपणच काढलं. जवळ्यात मूठ खुपसली. जुडी सोडून फेकली कडेला. घे, म्हटलं मनात, मोडायला काही ठेवतच नाही. तू आलीस. बघितलंस. फळीपाशी उभी राहिलीस. हात कुठेच लागला नाही. मी वाट बघत होते. तू पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, ‘चहा सांग.’

बस. एवढंच. चहा आला, तू बशीत ओतलास, अर्धी बशी माझ्याकडे सरकवलीस आणि बाजार सुरू झाला. ‘बरी मांडलीस’ हे दोन शब्द मी तुझ्या तोंडून कधी ऐकले नाहीत. पुढे एकेक काढणं हाताची सवय झाली, केरसुणी भिंतीला उलटी टेकवतात तशी. का करतो ते मी कधी विचारलं नाही. आणि रॅकवर तर मी काही मांडलंच नव्हतं. नवीन दुकानात माझे हात कुठे होते?

तर गेल्या बाजाराला मी खुर्ची सोडली. तुझ्या जावयाला म्हटलं, हात द्या. दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. चारपाच बाया पोरंबाळं घेऊन, टोपल्या उतरवून काचेपलीकडे बघत उभ्या होत्या. एक रानशेतकडची, तुझी जुनी गिऱ्हाईक, आता माझ्याएवढीच म्हातारी. मी म्हटलं, ‘आत का नाय येत गो? दार ढकललं की उघडतं.’

ती म्हणाली, ‘येऊ ना. पूजा होऊ दे.’

‘कसली पूजा?’

‘दुकानाची. तोरण लावलंय, नारळ ठेवलाय, सगळं मांडून ठेवलंय. अजून पूजा नाय झाली ना? हात कसा लावायचा?’

मी म्हटलं, ‘अगो बाय, पूजा कधीच झाली. तोरण सुकलं ते काढायचं राहिलं.’

तिच्या मागची तरणी सून हसली. ‘मग परसाद कोनी नाय उचलला तो? एक बी डबा हललेला नाय. मना वाटलं, साहेब येनार असंल नारळ फोडायला, त्याच्यासाठी थांबलेत.’

‘साहेब कुठला, माझा पोरगा आहे.’

‘तो फोन घेऊन फोटो काढतो तो? आमाला वाटलं तोच साहेब.’

सगळ्या हसल्या. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हातारी जरा हळू आवाजात म्हणाली, ‘आन सुकं तर दिसतच नाय. तुझी आय असायची तवा तोंडात टाकून बघायचो. पिशवीतला कसा बघायचा? फोडला तर घ्यावाच लागंल.’

हसता हसता मी थांबले. आये, तेव्हा तू माझ्या कानाशी येऊन बोललीस. ‘देव्हारा मांडलास का बाजार?’ तेच शब्द, तोच आवाज. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला ते शिवीसारखे लागले नाहीत. अगो, तू प्रश्न विचारला होतास! देवासमोर मांडलेल्याला कुणी हात लावत नाही. भरल्या ताटातला पहिला घास पाहुणा घेत नाही, कुणीतरी आधी घ्यावा लागतो. तू ती जुडी खेचायचीस, मूठ खुपसायचीस, ते मोडायला नव्हतं. कुणीतरी येऊन गेलंय, आता तूही ये, असं सांगायला होतं. आणि सोडलेली जुडी म्हणजे, घे हातात, घेतलंस म्हणून घ्यावंच लागेल असं नाही. ज्या बाईला परक्या भाषेत भाव विचारायचीही लाज वाटते, तिच्यासाठी एवढं सगळं तू एका मुठीत सांगत होतीस. मला एका वाक्यात का नाही सांगितलंस ग?

मी उठले. कोणी उठवलं ते आठवत नाही. आत गेले आणि पहिल्या रॅकवरून एक साबण काढला. दुसऱ्यावरून तेलाची बाटली. मग मसाल्याची पाकिटं, बिस्किटं, हाताला येईल ते. नातसून धावत आली. ‘आई, अहो काय करताय! लाईन बिघडली सगळी!’ आणि आये, माझ्या तोंडून काय निघालं असेल? तू ओळखलंस. ‘देव्हारा मांडलास का बाजार?’ बाहेर त्या बाया, टेबलाशी हायवेवरचं गिऱ्हाईक, सगळ्यांसमोर.

तिचा चेहरा पडला. त्या चेहऱ्यात मी जीपगाड्यांकडे जाताना दिसले.

पण मी तुझ्यासारखी नाही, मला बोलायला लागतं. तिचा हात धरला, टेबलामागे नेऊन बसवलं आणि सगळं सांगितलं. चक्र, मूठ, जुडी, शेठ, जीपवाला. पूजेचं सांगितलं तेव्हा तिने आधी कपाळावर हात मारला आणि मग हसत सुटली. म्हणाली, ‘वापीला पण सांगायचे, रॅक एकदम भरगच्च वाटू देऊ नका, एकदोन काढून ठेवा. मी म्हटलं, हे आपलं घरचं दुकान, सुंदरच ठेवू.’ बघ, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मायेने विसरली. मीही तेव्हा मायेनेच मांडलं होतं ना ग?

मग तिनेच मोरीकडची फळी ओढत आणली. ‘वासाचं काय?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘दाराबाहेर ठेवू, वर जाळी. वास म्हणजे आपली पाटी. वाचता न येणाऱ्यालाही कळते.’ नवरा कुरकुरला तर त्याला म्हणाली, ‘तुम्ही साहेब आहात, तुम्ही नारळ फोडा.’ तेव्हापासून सगळा बाजार त्याला साहेब म्हणतो.

एक गोष्ट मात्र तुझी राहिली नाही. फळी जमिनीवर नाही ठेवली, कमरेएवढ्या लाकडी घोड्यावर ठेवली. आता बाया उकिडव्या बसत नाहीत, उभ्याने बघतात, पोरी तर कानात वायर घालून बघतात. मलाही खाली बसवत नाही. तुझा राग येऊ नये म्हणून सांगून ठेवते.

आज आगोटीचा मोठा बाजार होता. गुडघ्यामुळे मला उतरायला उशीर झाला. मनात म्हणत होते, लवकर जायला हवं, सगळ्यातलं एकेक काढायचंय. खाली आले तर शटर वर होतं. दिवे लागलेले. रॅकवर प्रत्येक रांगेत एकेक फट, पणतीच्या दातांसारखी. दाराबाहेर फळी धुऊन मांडलेली, कागद अंथरलेला, अक्षरं रस्त्याकडे. जवळ्याच्या ढिगाला मुठीचा खळगा, आणि मूठ बारीक, तिची. कडेला एक जुडी सोडून टाकलेली. तिने वर एक बोंबील मोडूनही ठेवला होता, दोन तुकडे, जणू आताच कुणी चाखून गेलंय. हे तुझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

ती पदराला हात पुसत उभी होती. माझ्याकडे बघत होती. ती नजर मला ओळखू आली, कितीतरी बाजार मी तीच नजर लावून फळीपाशी उभी होते.

मी म्हणणार होते, आये. शपथेवर सांगते, म्हणणार होते. ते दोन शब्द ओठांशी आले होते. मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, ‘चहा सांग.’

ती चहा सांगायला गेली आणि मी फळीला धरून उभी राहिले. म्हणजे तेव्हा तुझ्याही ओठांशी आले होते का ग? म्हणून अर्धी बशी सरकवलीस? चहा आला. मी बशीत ओतला, अर्धी तिच्याकडे सरकवली. तिने घेतली, पण तिला काय माहीत? तिला वाटलं, सासूला चहा जास्त झाला. आजकाल बशीत पितं कोण?

मग बाया आल्या. रानशेतची म्हातारी आधी जुडीकडे गेली, तुकडा तोंडात टाकला, चघळत म्हणाली, ‘हां. झाली पूजा.’ आणि दार ढकलून आत गेली. तिच्यामागून सगळ्या. दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. जवळा तर पुन्हा मागवावा लागला. आता बाजार उठलाय, उन्हं कलली आहेत, आणि मी गल्ल्यामागे बसून तुला लिहितेय. खाली पडलेले कागद नातसून गोळा करतेय, हाताळायच्या जुडीचं कालवण लावते म्हणाली.

हे पत्र टाकायचं कुठे, मला माहीत नाही. तुला वाचताही येत नव्हतं. पण तिथे शेठ आहेत, त्यांच्याकडून वाचून घे. ते गुजराती चालीत वाचतील, तरी तुला कळेल. एक खरं सांगते, त्यांना इथवर ऐकू येईल इतक्या मोठ्याने वाचायला सांग. हे पत्र तुला लिहायचं म्हणून घेतलं, पण यातलं निम्मं नातसुनेला सांगायचं होतं. बरी मांडलीस पोरी. फार बरी मांडलीस. बघ, कागदावर किती सोपं आहे. ती हाकेच्या अंतरावर आहे आणि मी तुला लिहीत बसलेय, हे तुझ्यावरच गेलं ना?

उत्तर लवकर पाठव. लांबलचक नको, दोन शब्द पुरेत, कोणते ते तुला ठाऊक आहे. ते आले की मी लगेच तिला माझे सांगते. उशीर करू नकोस. तोवर ती बिचारी चहाच सांगत राहील.